एकशे तेहतीस पावलं आणि वर एक वीत

माझे सासरे शाळेत मैदानावरचे शिपाई होते. घंटा वाजवणं, पाणी भरणं ही कामं इतर शिपायांकडे. दादांकडे फक्त मैदान. दगड वेचायचे, खड्डे बुजवायचे आणि खेळांच्या आधी पांढऱ्या फक्कीने रेघा मारायच्या. एकतीस वर्षं त्यांच्या नखांतली फक्की निघाली नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, सासरे चुनाबिना लावतात की काय भिंतींना!

शाळेत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. ‘मीटर’ म्हणत. पोरं पाठीमागे म्हणायची, शिक्षक तोंडावर म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचं. कारण दादा टेप वापरत नसत. शाळेचा टेप कापडी होता. ओला झाला की ताणायचा, वाळला की आखडायचा. एका वर्षी त्या टेपापायी शंभर मीटरची शर्यत एकशे दोन मीटरची झाली आणि एका मुलीचा विक्रम थोडक्यात हुकला. ती मुलगी रडली म्हणे, आणि दादा दुसऱ्या दिवसापासून मैदानावर पावलं मोजू लागले. चार महिने सकाळ-संध्याकाळ. एक पाऊल म्हणजे पाऊण मीटर, ना सूतभर कमी ना जास्त. शंभर मीटर म्हणजे एकशे तेहतीस पावलं आणि वर एक वीत. पुढे एकदा जिल्ह्याचे पंच आले, त्यांनी लोखंडी टेप लावून दादांची रेघ तपासली. फरक निघाला चार बोटांचा. पंच म्हणाले, “तुम्हाला चार बोटं माफ.” दादा म्हणाले, “तुमचा टेप उन्हाने लांबला असेल, साहेब.”

ही गोष्ट मी किमान पन्नास वेळा ऐकली आहे. सासूबाईंनी पाचशे वेळा. त्या कधी पूर्ण ऐकून घेत नसत. “पुढचं सांगा, टेपाने माफी मागितली का?” असं म्हणून भांड्यांचा आवाज करत.

पावलं मोजायची सवय दादांना घरीही होती. ओठ हलायचे. घराच्या दारापासून अंगणातल्या पाण्याच्या टाकीपर्यंत एकवीस. टाकीपासून फाटकापर्यंत नऊ. बाजारापर्यंत किती, दवाखान्यापर्यंत किती, सगळं तोंडपाठ.

निवृत्त झाल्यावर तीन वर्षांनी त्यांच्या उजव्या गुडघ्याने असहकार पुकारला. डॉक्टरांनी पट्टा दिला, तो त्यांनी आठवडाभर बांधला आणि मग माझ्याकडे देऊन म्हणाले, “याने तुझ्या लोणच्याच्या बरणीचं तोंड बांध.” पण त्या उन्हाळ्यात एक दिवस टाकीवरून परत येताना ते थबकले. “सूनबाई, फरशा नव्या बसवल्या तेव्हा अंगण वाढवलं काय?”

“नाही दादा. का?”

“पंचवीस भरतंय.”

सासूबाई आतून म्हणाल्या, “हो, वाढवलं. धुतलेल्या चादरीसारखं दोघींनी दोन टोकं धरून ताणलं.”

दादा हसले. मीही हसले. पण मी त्या दिवशी त्यांचे पाय पाहिले. पाऊल आखडलं होतं. डावा पाय पुढे जायचा आणि उजवा त्याच्या बरोबरीला येऊन धाप लागल्यासारखा थांबायचा. मी बोलले नाही. ज्याने आयुष्यभर स्वतःच्या पावलावर जग मोजलं, त्याला तुमचं पाऊल तोकडं झालं हे कसं सांगायचं? आणि सांगून करायचं काय, असंही वाटलं. टाकी काही कुठे पळून जाणार नव्हती.

मग निवडणूक आली.

आमच्या भागाचं मतदान केंद्र त्याच शाळेत असतं. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचाराला बंदी. झेंडा नाही, चिन्ह नाही, उमेदवाराचं टेबल नाही, मतदाराच्या कानात कुजबुजणंसुद्धा नाही. ती हद्द दाखवायला रस्त्यावर पांढरी रेघ मारतात, आणि आमच्याकडे ती रेघ गेल्या सगळ्या निवडणुकांना दादांनीच मारली. या वेळी शाळेच्या पुढच्या बाजूचं बांधकाम चाललं होतं, म्हणून मतदान मागच्या फाटकातून. त्या गल्लीत रेघ पहिल्यांदाच पडणार होती. मुख्याध्यापिकांचा निरोप आला, तेव्हा दादांनी कॅनव्हासचे जुने बूट काढून त्यांना खडू फासला.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. केंद्राध्यक्ष म्हणून कुठल्याशा कार्यालयातून आलेल्या बाई फाटकात उभ्या होत्या, दिवसभराच्या धावपळीने पार गळून गेलेल्या. त्यांच्या हातात पंधरा मीटरचा लोखंडी टेप होता.

“काका, हा लावू या का? सहा-सात वेळा लावावा लागेल.”

“ठेवा तो, बाई,” दादा म्हणाले. “उगाच तुमची कंबर मोडायची.”

बाईंनी इतक्या सुटकेने टेप पिशवीत टाकला की मलाही बरं वाटलं. दादा फाटकाला टाच लावून उभे राहिले आणि चालू लागले. ओठ हलत होते. एकशे तेहतीस पावलं झाली, वाकून एक वीत घातली, आणि फक्कीची रेघ गल्लीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढली. सरळ, एकसारखी, जशी त्यांची नेहमी असते.

तिथे शिवणताई उभी होती. पलीकडच्या आळीत शिलाईचं काम करते, नवरा नाही, दोन मुली आहेत. दोन्ही मुली ज्या नर्सबाईंच्या हातावर जन्मल्या, त्या नर्सबाई अपक्ष उभ्या होत्या, चिन्ह छत्री. मोठ्या उमेदवारांनी लांब चौकात मांडव घातले होते. नर्सबाईंकडे होतं एक टेबल आणि शिवणताई. मतदारयादीत नाव शोधून क्रमांकाची चिठ्ठी द्यायची, एवढंच काम. गल्लीत सावली काय ती टपाल कचेरीच्या भिंतीची, आणि ती भिंत रेघेला अगदी लागून.

“काका,” ती म्हणाली, “भिंतीपाशी टेबल टाकलं तर चालेल ना? मला नसती भानगड नको. मुलींच्या प्रशिक्षण केंद्रात शिवण शिकवायची नोकरी लागतेय. सगळं झालंय, फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला यायचाय.”

“रेघेच्या पलीकडे बस आणि डोळे झाकून बस,” दादा म्हणाले. “कुणी काही बोललं तर माझं नाव सांग.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. चहाचा पेला माझ्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं साडेदहाला रांगेत लागलो. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, दोन्ही पार रेघेपर्यंत गेलेल्या. ऊन मी म्हणत होतं. पुढे एक म्हातारी छत्री उघडून उभी होती, तर हवालदार येऊन म्हणाला, “आजी, छत्री मिटा. चिन्ह आहे ते. प्रचार होतो.”

“आणि हे डोक्यावरचं ऊन कुठल्या पक्षाचं रे मेल्या? त्याला मिट आधी!”

सगळी रांग हसली, हवालदारही हसला, पण छत्री मिटवूनच गेला. सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं नर्सबाईंचं चिन्ह चप्पल नाही.”

अकराच्या सुमाराला भरारी पथकाची गाडी आली. त्यातून उतरलेल्या साहेबांबरोबर चौकातल्या मांडवातले दोघं होते, आणि एका शिपायाच्या हातात लांब दांड्याचं मोजणीचं चाक. चाक फाटकापासून गल्लीभर टिकटिक करत गेलं. साहेब मोठ्याने म्हणाले, “टेबल शहाऐंशी मीटरवर. रेघ चौऱ्याऐंशीवर.”

शिवणताई उठून उभी राहिली. “साहेब, मी रेघेच्या बाहेर आहे. बघा ना.”

“रेघच आत आहे, बाई.”

मांडवातला एक जण म्हणाला, “साहेब, सकाळी ही झाडू घेऊन रेघेपाशी वाकली होती. आम्ही पाहिलंय. सावली पाहिजे म्हणून रेघ आत घेतली हिने.”

“मी पाचोळा झाडत होते!”

झाडू टेबलाखालीच होता. साहेबांनी तो उलटा करून पाहिला. टोकांना पांढरी फक्की लागलेली. रेघेच्या कडेचा पाचोळा झाडला तर दुसरं काय लागणार? पण फक्की ती फक्की.

“मीटरकाकांना विचारा,” शिवणताई म्हणाली. आवाज चढला नव्हता अजून. “रेघ त्यांनी मारलीय. काल माझ्यासमोर. ते बघा, रांगेत आहेत.”

दादा रांगेतून बाहेर पडले. सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि ते त्यांना ठाऊक होतं. खांदे मागे घेऊन, तेच आखडलेलं पाऊल टाकत ते रेघेपाशी गेले.

“काका, ही रेघ तुमची?”

“किती भरली म्हणालात?”

“चौऱ्याऐंशी.”

दादांनी रेघेकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं. “मग माझी नव्हे,” ते म्हणाले. “एकतीस वर्षांत माझी रेघ शंभरावरून हललेली नाही. काल मी शंभरावर मारली होती. ही कुणीतरी मागाहून ओढलीय.”

ते खोटं बोलत नव्हते. मी आजही शपथेवर सांगेन, त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. खोटी होते मी. बायकांच्या रांगेत, त्यांच्यापासून दहा हातांवर उभी होते आणि मला पंचवीस पावलं आठवत होती. एकविसाची पंचवीस. शब्द तोंडात आला होता. पण गल्लीभर माणसं, शाळेचे शिक्षक, त्यांचे जुने विद्यार्थी, आणि त्या सगळ्यांपुढे सुनेने म्हणायचं की मीटर बिघडलाय? मी पदर सारखा केला. तेवढंच केलं.

शिवणताईने एकदा रांगेकडे नजर टाकली. मग ती खाली बसली, टेबलापाशी नाही, रस्त्याच्या कडेला. साहेबांनी पंचनामा लिहायला घेतला: हद्दीच्या आत प्रचार आणि हद्दीच्या खुणेशी छेडछाड. तिला फाटकाजवळच्या बाकावर बसवलं. पोलिसांची गाडी दुसऱ्या केंद्रावर गेली होती, ती आली की चौकीत न्यायचं. बाक असा ठेवलेला की रांगेतल्या प्रत्येकाला तिच्यासमोरून जावं लागे. मीही गेले. मत देऊन, बोटाला शाई लावून परत आले तेव्हाही ती तिथेच होती. आमच्या सासूबाई कुणाशीही बोलतात, त्याही तिथून मुकाट्याने पुढे गेल्या.

घरी दादा भरपेट जेवले. “नियम म्हणजे नियम,” म्हणाले. “बाई चांगली आहे, पण मोहात पडली. सावलीचा मोह वाईट.” आणि ताक मागितलं.

ताक वाढायला वाकले. मी भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, “दादा, जरा टाकीपर्यंत चालून येता?”

“आत्ता? उन्हात? कशाला?”

“मोजून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात धुतले, बूट घातले आणि दारातून निघाले. या वेळी ओठ हलत नव्हते, मोठ्याने मोजत होते. पंचवीस. परत येताना पंचवीस. उंबऱ्याशी उभे राहिले.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“उन्हाळ्यात तुम्ही म्हणाला होतात तेव्हापासून.”

“मग मघाशी...” एवढंच म्हणून ते पायरीवर बसले.

माझे यजमान आतून आले. सगळं ऐकून म्हणाले, “दादा, आता पंचनामा झालाय. तुम्ही जाऊन सांगितलंत तर चुकीची रेघ मारली म्हणून तुमच्यावरच येईल. त्या केंद्राध्यक्ष बाईही अडकतील. तिचं काय, दंड भरून सुटेल ती.”

“तिचा पोलिसांचा दाखला यायचाय,” मी म्हटलं. “गुन्हा नोंदला की नोकरी गेली.”

खरं सांगायचं तर दादा लगेच उठले नाहीत. अर्धा तास बसून राहिले. बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मला वाटलं, नाही जाणार. आणि कुठेतरी मला बरंही वाटलं, हे लिहिताना मान खाली जाते.

सासूबाई बाहेर आल्या. त्यांच्या आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. “एकतीस वर्षं रेघेवर उभं राहून पोरांना फाऊल दिलेत,” त्या म्हणाल्या. “रडणाऱ्यांनाही दिलेत, हेडमास्तरांच्या मुलालाही दिलात. आता आपल्या पायाला द्या.”

दादा उठले. मी मागोमाग गेले.

दोन वाजून गेले होते. शिवणताई बाकावर होती. ऊन सरकून तिच्या अंगावर आलं होतं. साहेब फाटकाच्या आत केंद्राध्यक्ष बाईंशी बोलत होते.

“साहेब, रेघ माझीच आहे,” दादा म्हणाले.

साहेबांनी हातातला कागद खाली केला. “काका, सकाळी तुम्हीच म्हणालात तुमची नाही म्हणून. आता बाईची दया आली का?”

“दया नाही. पाय तोकडा झालाय माझा. मला कळलं नव्हतं.”

“असं कसं कळत नाही?”

दादांनी चाकाकडे बोट केलं. ते म्हणाले, “चाक लावा माझ्याबरोबर. मी चालतो. जिथे एकशे तेहतीस आणि वर एक वीत भरेल, तिथे माझी रेघ.”

चाकवाला शिपाई आला. रांग वळून बघू लागली. रांगेत दादांच्या हाताखालून गेलेली कितीतरी पोरं होती, आता बाप झालेली. कुणीतरी म्हणालं, “मीटर चालतोय!” पुढे कुणी हसलं नाही.

फाटकाला टाच लावून दादा निघाले. एक, दोन, तीन, मोठ्याने. शेजारी चाकाची टिकटिक. मी कडेकडेने चालत होते. तिसाच्या पुढे मला दिसलं की पाऊल लांब पडतंय. गुडघा थरथरत होता, पण ते ओढून ताणून जुनं पाऊल टाकत होते. पस्तीस, छत्तीस. मान वर, खांदे मागे, मैदानावर असायचे तसे. ते असेच चालले तर रेघेच्या पुढे निघून जाणार होते, आणि मग शिवणताईचं काही खरं नव्हतं.

चाळिसाव्या पावलाला ते थांबले. उभ्या जागी डोळे मिटले.

“साहेब,” ते म्हणाले, “हे खोटं झालं. लोक बघतायत म्हणून ताणलं मी. पुन्हा.”

आणि तेवढं सगळं अंतर, त्या सगळ्या लोकांच्या समोरून, ते परत फाटकाकडे गेले. त्या परतीच्या चालण्यात मोजणी नव्हती, नुसतं फरफटणं होतं. मला बघवेना, पण मी बघितलं. सकाळी तोंड मिटून घेतलं होतं, आता डोळे मिटायची मुभा मला नव्हती.

दुसऱ्या वेळी ते जसे टाकीपर्यंत जातात तसे चालले. डावा पुढे, उजवा त्याच्या बरोबरीला, थांबा. एकशे तीस. एकशे एकतीस. शेवटच्या पावलाला वाकले, गुडघा धरून, आणि एक वीत घातली. करंगळीचं टोक फक्कीवर टेकलं. चाकवाल्याने आकडा वाचला: चौऱ्याऐंशी.

सकाळपासून इतकी माणसं त्या रेघेवरून गेली होती, तरी रेघ जागची हलली नव्हती. आणि दादांची मोजणीही चुकली नव्हती. चुकलं होतं ते पाऊल.

साहेबांनी पंचनाम्याचा तो कागद फाडला, रेघच चुकून आत पडल्याचा दुसरा लिहिला. त्यावर दादांची सही घेतली, केंद्राध्यक्ष बाईंची घेतली. बाईंनी पिशवीतून तो लोखंडी टेप काढला. साहेब म्हणाले, “काका, टोक धरा.” दादांनी टोक धरलं. पंधरा, तीस, पंचेचाळीस. दर वेळी गुडघ्यावर हात ठेवून वाकायचे, टोक जमिनीला लावायचे, उठायचे. शंभर मीटरवर दोन हवालदारांनी वाकडीतिकडी नवी रेघ मारली.

शिवणताईने याद्या गोळा केल्या, टेबल मिटवलं. दादा हात जोडून उभे राहिले. ती त्यांच्यापाशी आली आणि म्हणाली, “मी तुमचं नाव सांगितलं होतं, काका.” आवाजात राग नव्हता. मग ती टेबल काखेत मारून निघून गेली.

तिचा दाखला आला, नोकरीही लागली. दादा त्या दिवसापासून पावलं मोजत नाहीत. टाकीपर्यंत जातात, ओठ मिटलेले असतात. सासूबाईंनी लोणच्याच्या बरणीचा पट्टा सोडून, धुऊन, त्यांच्या उशाशी ठेवला. तो ते आता बांधतात.

आणि मी. शिवणताई आमच्या घरावरून जाताना समोरच्या कडेने जायची. मला वाटायचं, दादांमुळे. दोन महिने मी ब्लाऊजचं कापड कपाटात ठेवलं होतं, बाहेर काढायची आणि परत ठेवायची. शेवटी एक दिवस घेऊन गेले. तिने आत घेतलं, स्टुलावरचे कपडे बाजूला केले, गळ्यातला टेप काढला.

ती माझ्या खांद्याचं माप घेत होती, तिचं तोंड माझ्या पाठीकडे होतं, म्हणून मला बोलता आलं. “ताई, त्या दिवशी मी रांगेत होते. मला माहीत होतं, दादांचं पाऊल आखडलंय ते. मी बोलले नाही.”

टेप जागच्या जागी थांबला.

“माहितीय,” ती म्हणाली. “तुमचं तोंड उघडलेलं मी पाहिलं होतं. मी तुमच्याकडेच बघत होते.”

मी वळायला गेले.

“हलू नका,” ती म्हणाली आणि टेप पुन्हा पहिल्या टोकापासून लावला. “मी दोनदा मोजते.”